‘राजद्रोह’ ते ‘देशद्रोह’ : एका राजकीय शब्दाचा प्रवास

इंग्रजी कायद्यातील ‘सेडिशन’ मराठीत ‘राजद्रोह’ झाले आणि पुढे वापरात ‘देशद्रोह’ होऊन बसले. या प्रत्येक टप्प्यावर शब्दाचे वजन वाढत गेले. लोकमान्य टिळकांच्या खटल्यांपासून ते १ जुलै २०२४ रोजी अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेपर्यंतच्या या प्रवासाचा आढावा.

रत्नागिरी, खास प्रतिनिधी

रत्नागिरी शहराच्या टिळक आळीतील कौलारू घरात २३ जुलै १८५६ रोजी बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म झाला. याच शहरात समुद्राकडे तोंड करून उभा असलेला थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेच्या गादीवरून दूर केले आणि १८८६ पासून डिसेंबर १९१६ मधील त्याच्या मृत्यूपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत ठेवले. १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली, तेव्हा त्यांची रवानगी त्याच थिबाच्या राजधानीत, मंडालेच्या किल्ल्यातील तुरुंगात झाली. मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदिवान आणि रत्नागिरीत जन्मलेला ‘राजद्रोही’ मंडालेत बंदिवान, असा हा योग सुमारे सहा वर्षे टिकला.

या योगात एक प्रश्न दडलेला आहे. टिळकांनी ज्या ‘राजा’चा द्रोह केला असे न्यायालयाने ठरवले, तो राजा कोण? ज्या कलमाखाली त्यांना शिक्षा झाली, त्याच्या इंग्रजी शीर्षकात राजा नव्हता, द्रोह हा शब्दही नव्हता. तेथे ‘सेडिशन’ असा शब्द होता. ‘राजद्रोह’ हे त्याचे देशी भाषांतर. आणि भाषांतर झाले की मूळ शब्दाच्या अंगावर नव्या भाषेचे संस्कार चढतात. या शब्दाच्या बाबतीत ते विशेष ठळकपणे घडले.

शब्दाची घडण

‘सेडिशन’ हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा धात्वर्थ ‘वेगळे होऊन जाणे’, म्हणजे नागरिकांत फूट पडणे, असा आहे. इंग्लंडच्या कायद्यात ‘ट्रीझन’ आणि ‘सेडिशन’ हे दोन वेगळे गुन्हे मानले जात. राजाविरुद्ध युद्ध पुकारणे, त्याच्या शत्रूला साह्य करणे हा ‘ट्रीझन’, त्याला देहान्ताची शिक्षा. सरकारविषयी असंतोष फैलावणारे बोलणे वा लिहिणे हे ‘सेडिशन’, आणि तो तुलनेने कमी दर्जाचा गुन्हा.

मराठीत ही विभागणी नव्हती. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात ‘फितुरी’, ‘हरामखोरी’, ‘बंड’, ‘स्वामिद्रोह’ असे शब्द आढळतात. त्यांतील ‘फितुरी’ व ‘हरामखोरी’ हे फारसी-अरबी वळणाचे, तर ‘स्वामिद्रोह’ संस्कृत वळणाचा. या सर्वांत कृती महत्त्वाची होती. शत्रूला मिळणे, किल्ला देऊन टाकणे, खाल्ल्या मिठाला न जागणे अशा कृत्यांना ते लावले जात. नुसते लिहिणे वा व्याख्यान देणे यासाठी वेगळा शब्द घडण्याचे कारणच नव्हते, कारण छापखाना, वृत्तपत्र आणि जाहीर सभा या गोष्टी इंग्रजी अमदानीत रुजल्या.

‘द्रोह’ या संस्कृत शब्दाला नैतिक वजन आहे. मित्रद्रोह, गुरुद्रोह, विश्वासद्रोह अशा समासांतून तो पाप या अर्थाच्या जवळ जातो. ज्याच्याशी निष्ठेचे नाते आहे त्याचा घात करणे, हा त्याचा गाभा. ‘सेडिशन’साठी ‘राजद्रोह’ हा शब्द योजला गेला, तेव्हा इंग्रजीतील कमी दर्जाचा गुन्हा देशी भाषेत एकदम स्वामिघाताच्या पंक्तीला जाऊन बसला. ‘ट्रीझन’ आणि ‘सेडिशन’ यांच्यातील अंतर मराठी वाचकाच्या दृष्टीने पुसले गेले. हा या शब्दाच्या प्रवासातील पहिला बदल.

‘अप्रीती’चा कायदा

मेकॉलेच्या १८३७ मधील दंडसंहितेच्या मसुद्यात अशा आशयाचे कलम होते. १८६० मध्ये संहिता मंजूर झाली तेव्हा मात्र ते गळले आणि १८७० मध्ये कलम १२४-अ म्हणून दाखल झाले. ‘सेडिशन’ हा शब्द कलमाच्या मजकुरात कोठेही नव्हता, तो केवळ समासातील शीर्षकापुरता होता. खरा गुन्हा ज्या शब्दावर उभा होता तो म्हणजे ‘डिसअफेक्शन’.

या शब्दाचे भाषांतर करताना देशी भाषांची तारांबळ उडाली. दंडसंहितेच्या हिंदी पाठात त्यासाठी ‘अप्रीति’ हा शब्द आहे. मराठी कायदेविषयक लिखाणातही ‘अप्रीती’ रूढ झाला. १८९८ च्या दुरुस्तीत ‘डिसअफेक्शन’मध्ये ‘डिसलॉयल्टी’ आणि शत्रुत्वाच्या सर्व भावनांचा समावेश होतो, असे स्पष्टीकरण जोडले गेले. हिंदी पाठात ‘डिसलॉयल्टी’साठी ‘अभक्ति’ हा शब्द आला. प्रीती आणि भक्ती हे शब्द आपल्याकडे संतांच्या अभंगांतून आणि घरगुती नात्यांतून आलेले. ते कायद्याच्या कलमात शिरल्यावर शासनाविषयी प्रीती नसणे हाच गुन्हा, असा अर्थ सामान्य वाचकाच्या मनात उभा राहिला तर नवल नाही.

अर्थात हा घोळ केवळ देशी भाषांचा नव्हता. इंग्रजीतही ‘डिसअफेक्शन’ म्हणजे नेमके काय, यावर न्यायालयांत कीस पडला. १८९१ च्या ‘बंगवासी’ वृत्तपत्राच्या खटल्यात कलकत्ता उच्च न्यायालयाने ‘अफेक्शन’च्या विरुद्ध भावना, म्हणजे नावड किंवा द्वेष, असा अर्थ लावला. सहा वर्षांनी मुंबईत त्याहून पुढचे पाऊल पडले.

१८९७ : प्रीतीचा अभाव म्हणजे गुन्हा

‘केसरी’च्या १५ जून १८९७ च्या अंकात शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तान्त आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता प्रसिद्ध झाली. त्यानंतर आठवडाभरात, २२ जूनच्या रात्री, पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्यावर हल्ला झाला. २७ जुलै रोजी टिळकांना अटक झाली. मुंबई उच्च न्यायालयात न्या. स्ट्रेची यांच्यापुढे सप्टेंबरमध्ये खटला चालला. ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन हिंदी गृहस्थ होते. सहा विरुद्ध तीन अशा मतांनी टिळक दोषी ठरले आणि त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

ज्यूरीला मार्गदर्शन करताना न्या. स्ट्रेची यांनी ‘डिसअफेक्शन’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ सांगितला. सरकारविषयीची द्वेष, शत्रुत्व, नावड अशी प्रत्येक छटा त्यांनी त्यात धरली. या व्याख्येवर त्या वेळीच मोठी टीका झाली. एखाद्या परक्या सरकारविषयी प्रेम न वाटणे हीच भावना गुन्ह्यात जमा झाली तर टीका करण्यास जागा कोठे उरते, असा हा आक्षेप होता. पुढे १९२२ मध्ये अहमदाबादच्या खटल्यात महात्मा गांधींनी याच शब्दावर बोट ठेवले आणि प्रीती कायद्याने निर्माण करता येत नाही, असे न्यायाधीशांपुढे सांगितले. न्या. ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या शिक्षेचा दाखला देऊन गांधीजींनाही तेवढीच, सहा वर्षांची, शिक्षा फर्मावली.

१९०८ : भाषांतरावर चाललेला खटला

भाषांतराचा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला तो १९०८ मध्ये. मुझफ्फरपूर येथे ३० एप्रिल रोजी बाँबस्फोट झाला. त्यावर ‘केसरी’त १२ मे रोजी ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जून रोजी ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे अग्रलेख आले. २४ जून रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली आणि १३ जुलैपासून न्या. दिनशा दावर यांच्यापुढे खटला सुरू झाला. हेच दावर १८९७ मध्ये बॅरिस्टर म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते.

खास ज्यूरी नेमावी, अशी सरकारची मागणी होती. टिळकांच्या वतीने बॅ. जोसेफ बॅप्टिस्टा यांनी तिला विरोध केला. खास ज्यूरीत युरोपीयांचे बहुमत होणार आणि त्यांना मराठी येत नसल्याने लेखांचा निवाडा भाषांतरावरून होणार, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. तो फेटाळला गेला. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी गृहस्थ बसले. लेख मराठी, लेखक मराठी, ज्यांच्यासाठी लिहिले ते वाचक मराठी. आणि त्या लेखांचा परिणाम काय होईल हे ठरवणाऱ्यांत बहुसंख्य मात्र मूळ मजकूर वाचू न शकणारे, अशी ही परिस्थिती होती.

त्या काळी मुंबई सरकारकडे ‘ओरिएंटल ट्रान्सलेटर’ हे स्वतंत्र कार्यालय होते. देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी गोषवारे दर आठवड्याला तयार होऊन सरकारदरबारी जात. ‘केसरी’ची धार इंग्रज अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचत असे ती या गोषवाऱ्यांतूनच. १९०८ च्या खटल्यात भाषांतरकारांची साक्ष झाली. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला, भाषांतरकारांची उलटतपासणी घेतली आणि २१ तासांहून अधिक काळ ज्यूरीपुढे भाषण केले. सरकारी भाषांतरात चुका आहेत आणि अनेक शब्दांना मुळात नसलेली तीव्रता आली आहे, हा त्यांच्या बचावातील एक प्रमुख धागा होता. इंग्रजी राजकीय कल्पना मराठीत मांडताना मराठी लेखकाला नवे शब्द घडवावे लागतात किंवा जुने शब्द नव्या अर्थाने वापरावे लागतात. तेच शब्द कोशातील जुन्या अर्थाने परत इंग्रजीत नेले तर मूळ हेतू हरवतो, ही अडचण त्यांच्या या आक्षेपाच्या मुळाशी होती.

त्या काळच्या वृत्तपत्री मराठीतील काही नेहमीचे शब्द घेतले तरी ही अडचण लक्षात येते. ‘जुलूम’ हा अरबीतून आलेला शब्द. मराठीत तो सक्तीच्या करालाही लागतो, सासूच्या वागण्यालाही लागतो आणि अन्यायी राजवटीलाही लागतो. त्याचे इंग्रजी ‘टिरनी’ असे केले की घरगुती तक्रारीची छटा नाहीशी होऊन थेट हुकूमशहा उभा राहतो. ‘माथेफिरू’ या शब्दात निषेध आहे की कीव, हे वाक्याच्या ओघावरून ठरते. ‘सत्ता’ म्हणजे अधिकार, हक्क, मालकी आणि राजवट यांपैकी काहीही असू शकते. भाषांतरकाराला यांपैकी एकच अर्थ निवडावा लागतो. त्या एका निवडीवर दुसऱ्याची सहा वर्षे अवलंबून असतील, तर ती निवड भाषेपुरती राहत नाही.

‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी होती. त्यांचे लेखन वक्रोक्तीने भरलेले. स्तुतीच्या आवरणाखाली निंदा आणि निंदेच्या आवरणाखाली स्तुती. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केले तर त्यात गुन्हा सापडत नाही आणि आशयाचे भाषांतर केले तर तो भाषांतरकाराचा तर्क ठरतो. १९०८ च्या जुलैत त्यांनाही राजद्रोहाखाली १९ महिन्यांची शिक्षा झाली.

२२ जुलै १९०८ रोजी रात्री टिळकांच्या खटल्याचा निकाल लागला. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. कलम १२४-अ खालील दोन आरोपांबद्दल प्रत्येकी तीन, अशी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि कलम १५३-अ खाली एक हजार रुपये दंड झाला. पुढे ती मंडालेतील साध्या कैदेत बदलण्यात आली. मुंबईत गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला.

राजमान्य आणि लोकमान्य

निकालाने शब्दाचा अर्थ बांधला गेला, असे सरकारला वाटले असेल. प्रत्यक्षात उलटे घडले. जुन्या मराठी पत्रव्यवहारात प्रतिष्ठित गृहस्थाच्या नावाआधी ‘रा. रा.’ म्हणजे ‘राजमान्य राजेश्री’ लिहिण्याची रीत होती. मान राजाकडून येतो, ही त्यामागची धारणा. टिळकांच्या नावामागे लागले ते ‘लोकमान्य’. राजाने अमान्य केलेला माणूस लोकांना मान्य झाला. ‘राजद्रोही’ हा शब्द शिवी म्हणून न राहता मराठी घरांत बहुमानासारखा उच्चारला जाऊ लागला. ज्या समासाने ‘सेडिशन’ला स्वामिघाताचे वजन दिले, त्याच समासातील ‘राज’ या पदावरची श्रद्धा उडाल्याने ‘द्रोह’ या पदातील पाप ओसरले. हा दुसरा बदल कायद्याने केला नाही, लोकांनी केला.

याच सुमारास १८५७ च्या घटनेबाबतही असेच घडत होते. इंग्रजांनी तिला ‘म्युटिनी’ म्हटले. त्या काळात उत्तरेत अडकलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी आपल्या ‘माझा प्रवास’मध्ये तिला ‘बंड’ म्हटले. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विनायक दामोदर सावरकर यांच्या ग्रंथाने तिला ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटले. घटना तीच, शब्द बदलला की न्यायनिवाडा बदलतो.

सरकार म्हणजे कोण?

मंडालेहून १९१४ मध्ये परतल्यावर टिळकांनी दुसऱ्या एका शब्दाची चिकित्सा सुरू केली. तो शब्द म्हणजे ‘सरकार’. मराठीत ‘सरकार’ म्हणजे शासनसंस्था, तसेच मालक, धनी. इंग्रज कलेक्टरही सरकार, गव्हर्नरही सरकार आणि विलायतेतील बादशहाही सरकार. कलम १२४-अ मात्र ‘कायद्याने स्थापित शासना’बद्दल बोलत होते.

१ मे १९१६ रोजी बेळगाव येथे आणि ३१ मे व १ जून रोजी अहमदनगर येथे दिलेल्या होमरूलच्या व्याख्यानांत टिळकांनी अदृश्य सरकार आणि दृश्य सरकार असा भेद केला. त्यासाठी वेदान्तातील निर्गुण-सगुणाची परिभाषा वापरली. बादशहा कायम राहो, मधली नोकरशाही बदला, हा त्यांचा मुद्दा. राजद्रोहाच्या कलमातील ‘राज’ कोणते, हेच त्यांनी श्रोत्यांपुढे उलगडून ठेवले.

सरकारने याही भाषणांवर कारवाई केली. २३ जुलै १९१६ रोजी, म्हणजे साठीच्या दिवशीच, त्यांना नोटीस मिळाली. पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी चांगल्या वर्तणुकीसाठी २० हजार रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १० हजारांचे दोन जामीन मागितले. या वेळी उच्च न्यायालयात टिळकांच्या बाजूने बॅ. महंमद अली जीना होते. न्या. बॅचेलर आणि न्या. शहा यांनी ९ नोव्हेंबर १९१६ रोजी हा आदेश रद्द केला. सुटे शब्द न पाहता भाषणांचा एकूण परिणाम पाहावा, ही भूमिका न्यायालयाने घेतली. सुट्या शब्दाच्या भाषांतरावर भिस्त ठेवण्याला मिळालेले हे उत्तरच होते.

रत्नागिरीतील ‘निर्बंध’

राजकीय शब्दांच्या या कथेत रत्नागिरी पुन्हा एकदा येते. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्यातून सुटल्यावर सावरकरांना रत्नागिरी जिल्ह्यात राहण्याची आणि राजकारणात भाग न घेण्याची अट होती. ती १९३७ मध्ये उठली. या काळात त्यांनी अस्पृश्यतानिवारणाबरोबर भाषाशुद्धीचे काम हाती घेतले. त्यामागे जुनी परंपरा होती. शिवकाळात रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचून फारसी राजकीय शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. ‘महापौर’, ‘हुतात्मा’ हे सावरकरांनी रूढ केलेले शब्द आज सर्वमुखी आहेत.

‘कायदा’ या अरबी शब्दासाठी त्यांनी ‘निर्बंध’ सुचवला. तो त्या अर्थाने टिकला नाही. आज मराठीत ‘निर्बंध’ म्हणजे मनाई वा मर्यादा, आणि कायद्यासाठी ‘कायदा’ आणि ‘विधी’ हेच शब्द आहेत. शब्द घडवणारा एक अर्थ देतो, चालवणारे लोक दुसरा. ‘राजद्रोह’ या शब्दाच्या बाबतीतही नेमके हेच पुढे दिसून आले.

राजा गेला, द्रोह राहिला

स्वातंत्र्यानंतर ‘राजा’ उरला नाही. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील मर्यादांची चर्चा झाली, तेव्हा कन्हैयालाल मुन्शी यांच्या दुरुस्तीनुसार ‘सेडिशन’ हा शब्द मसुद्यातून वगळला गेला. राज्यघटनेत तो नाही. दंडसंहितेतील कलम मात्र तसेच राहिले. २० जानेवारी १९६२ रोजी केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, पण हिंसाचाराला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी देणाऱ्या कृतीपुरते त्याचे क्षेत्र आखून दिले. सरकारवरील कडक टीका गुन्हा नाही, हे त्या निकालाने स्पष्ट केले.

कायद्याच्या अर्थाची कक्षा अशी आकुंचन पावली असताना बोलीतील अर्थ फैलावत होता. प्रजासत्ताकात ‘राजद्रोह’ हा शब्द वाचकाला जुनाट वाटू लागला. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत, सभांत आणि दूरचित्रवाणीवर त्याच्या जागी ‘देशद्रोह’ आला. फेब्रुवारी २०१६ मधील दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील प्रकरणात कलम १२४-अ लागले, तेव्हा मराठी बातम्यांत दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले गेले.

वास्तविक हा फरक मोठा आहे. सरकार निवडणुकीने बदलते, देश बदलत नाही. कलम १२४-अ सरकारविषयीच्या भावनेबद्दल होते. त्याला ‘देशद्रोह’ म्हटले की सरकार आणि देश एकरूप होतात. आरोप सिद्ध होण्याआधीच आरोपीवर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून जो शिक्का बसतो, तो कलमाच्या मजकुरातून येत नाही, मथळ्यातील शब्दातून येतो. हा तिसरा बदल, आणि सर्वांत वजनदार.

२०१५ : एका परिपत्रकाचा धडा

भाषांतराचा प्रश्न १९०८ बरोबर संपला नाही, याचे उदाहरण महाराष्ट्रानेच दिले. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना सप्टेंबर २०१२ मध्ये मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. त्यावरून उच्च न्यायालयात गेलेल्या जनहित याचिकेच्या सुनावणीत हे कलम लावताना पोलिसांनी काय पाहावे, याची मार्गदर्शक तत्त्वे राज्य सरकारने इंग्रजीत सादर केली. मार्च २०१५ मध्ये याचिका निकाली निघाली. त्यानुसार गृह विभागाने २७ ऑगस्ट २०१५ रोजी पोलिसांसाठी मराठी परिपत्रक काढले.

परिपत्रक प्रसिद्ध होताच वाद उसळला. नुसत्या राजकारण्यांवरील वा लोकसेवकांवरील टीकेला हे कलम लागू होत नाही, असा मूळ तत्त्वांचा रोख होता. मराठी मजकुराची रचना मात्र अशी झाली होती की लोकप्रतिनिधींवरील टीकाही या कलमाखाली येऊ शकेल, असा अर्थ निघत होता. मराठी पाठ मूळ इंग्रजीशी जुळत नाही, हा आक्षेप पुन्हा उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने परिपत्रकानुसार कारवाई करू नये, असे सांगितले आणि ऑक्टोबरमध्ये सरकारने ते मागे घेण्याची तयारी दर्शवली. १९०८ मध्ये मराठीचे इंग्रजी होताना शब्द कडक झाले अशी तक्रार होती. २०१५ मध्ये इंग्रजीचे मराठी होताना मुभा आकसली. ठाण्यातील अंमलदार मराठी परिपत्रकच वाचणार, हे लक्षात घेतले तर या चुकीचे गांभीर्य कळते.

नवी संहिता, जुना पेच

११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम १२४-अ खालील कारवाया स्थगित ठेवण्याचा आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि तिच्यात हे कलम उरले नाही. संसदेतील चर्चेत केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी ‘राजद्रोह’ जाऊन ‘देशद्रोह’ येत असल्याचे सांगितले. बोलीत झालेल्या बदलावर अशी संसदेत मोहोर उमटली.

नव्या संहितेचे कलम १५२ भारताचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांबद्दल आहे. त्यात फुटून निघणे, सशस्त्र बंडखोरी, विध्वंसक कारवाया आणि फुटीर भावना यांचा उल्लेख आहे. ‘सरकारविषयी अप्रीती’ हा जुना गाभा त्यातून गेला. शिक्षेची मर्यादा मात्र वाढली. जुन्या कलमात जन्मठेप किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होती, नव्यात जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कैद आहे. ‘देशद्रोह’ हा शब्द या कलमाच्या मजकुरातही नाही. शंभर वर्षांपूर्वी ‘सेडिशन’ समासात होता, आज ‘देशद्रोह’ भाषणांत आणि मथळ्यांत आहे. ‘विध्वंसक कारवाया’ म्हणजे नेमके काय, हे ठरवताना ‘अप्रीती’सारखाच कीस पडणार, अशी शंका कायदेतज्ज्ञांनी व्यक्त केली आहे.

शेजारच्या भाषांत

ज्या देशांत हे कलम इंग्रजांनी मागे ठेवले, तेथेही शब्दाचे असेच देशीकरण झाले. बांगलादेशात बंगालीतून त्याला ‘राष्ट्रद्रोह’ म्हणतात. पाकिस्तानात उर्दूतून ‘बगावत’ हा शब्द आहे, ज्यात उघड बंडाची छटा आहे. मार्च २०२३ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने तेथील कलम १२४-अ रद्दबातल ठरवले. खुद्द ब्रिटनने ‘सेडिशन’चा गुन्हा २००९ च्या कायद्याने संपुष्टात आणला. ज्या भाषेत शब्द जन्मला तेथे त्याचे काम संपले, भाषांतरे मात्र वेगवेगळ्या वजनांनी चालत राहिली.

टिळक आळीतील घर आज राज्य संरक्षित स्मारक आहे आणि पर्यटक तेथून थिबा राजवाड्याकडे जातात. दोन्ही वास्तूंत ‘राज’ या शब्दाचे दोन अर्थ नांदले. टिळकांवरील आरोपाची बातमी आजच्या वृत्तपत्रात आली असती तर मथळ्यात ‘राजद्रोह’ असता की ‘देशद्रोह’? पहिला शब्द वापरला तर ते सरकारचे विरोधक ठरतात, दुसरा वापरला तर देशाचे. मुंबईच्या ज्यूरीने १९०८ मध्ये पहिला आरोप मान्य केला होता. दुसरा आरोप त्यांच्यावर कोणी ठेवला असता, तर तो कोणत्याही मराठी वाचकाला पटला नसता. हा फरक ज्यांना टिळकांच्या बाबतीत कळतो, त्यांनी तो इतरांच्या बाबतीतही शब्द निवडताना पाळावा, एवढेच या प्रवासातून सुचते.